लॅटिनचे मास्तर आणि विद्येचे मोल

२०२० सालच्या नाताळच्या दिवशी अमेरिकेतील मिलवॉकी शहरात कार्मेल संघाच्या एका वृद्ध धर्मगुरूंचे निधन झाले. फादर रेजिनाल्ड फॉस्टर हे त्यांचे नाव. वय ८१ वर्षांचे. त्या वर्षी मृत्यूच्या वार्तांना तोटा नव्हता. आपल्या गावांतूनही मोजक्या माणसांच्या उपस्थितीत दफनविधी उरकले जात होते. तेव्हा सातासमुद्रापलीकडील एका लॅटिन शिक्षकाच्या जाण्याची दखल आपल्या घरांतून घेतली गेली नसल्यास नवल नाही. जगभर विखुरलेल्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी मात्र त्यांच्याविषयी भरभरून लिहिले. त्या विद्यार्थ्यांत धर्मगुरू होते, धर्मभगिनी होत्या, प्राध्यापक होते. आणि ख्रिस्तसभेशी ज्यांचा काडीचाही संबंध नाही असेही पुष्कळ होते. ते सारे वाचत असताना आमच्या मनात एक जुना प्रश्न पुन्हा जागा झाला. तो प्रश्न लॅटिनपुरता नाही, म्हणूनच तो येथे मांडण्याचे आम्ही योजले आहे.

प्रथम या मास्तरांविषयी. (ते धर्मगुरू होते, मोठ्या पदावर होते, तरी ‘मास्तर’ हाच शब्द त्यांना शोभतो.) त्यांचा जन्म १९३९ साली मिलवॉकीतच, प्लंबरचे काम करणाऱ्या घराण्यात झाला. कोवळ्या वयातच ते गुरुविद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांना लॅटिन भेटली आणि पुढे ती जन्मभर सुटली नाही. १९६९ साली पोप सहावे पौल यांच्या कारकिर्दीत व्हॅटिकनच्या सचिवालयातील लॅटिन विभागात त्यांची नेमणूक झाली. तेथे त्यांनी चाळीस वर्षे काम केले आणि चार पोपमहोदयांची सेवा केली. परिपत्रके, नेमणुकीची पत्रे, अभिनंदनाचे संदेश हे सारे लॅटिनमध्ये उतरवणे हे त्या मोजक्या लेखनिकांचे काम. अशा माणसाचे चित्र आपण मनाशी रंगवू लागलो तर काळा झगा आणि गंभीर चेहरा डोळ्यांपुढे येईल. प्रत्यक्षात हे गृहस्थ कारागिराचे निळे साधे कपडे अंगात घालून प्रेषितीय राजवाड्यात कामावर जात. पौरोहित्याच्या पोशाखाचे त्यांना प्रेम नव्हते. बोलणेही फटकळ. त्यांच्या काही विधानांनी वरिष्ठांच्या कपाळाला आठ्या पडल्या, आणि त्यांतली काही विधाने आम्हालाही पटत नाहीत. परंतु तो आजचा विषय नव्हे.

विषय आहे त्यांचा वर्ग. दिवसभराचे कार्यालयीन काम उरकले की फादर फॉस्टर शिकवायला जात. सत्तरीच्या दशकापासून जवळजवळ तीस वर्षे त्यांनी रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात लॅटिन शिकवली. शिवाय १९८५ पासून दर उन्हाळ्यात, जेव्हा सारे रोम उकाड्याने सुस्तावलेले असते तेव्हा, त्यांनी आठ आठवड्यांचा एक खास वर्ग चालवला. त्या वर्गाला फी नव्हती. प्रवेशपरीक्षा नव्हती. जो येईल त्याला बसायला जागा होती. दिवसाचे तास संपल्यावर ज्यांना आणखी वाचायचे असेल त्यांनी मठाच्या बागेत झाडांखाली जमावे, आणि मास्तरांनी अंधार पडेपर्यंत त्यांच्यासोबत वाचत राहावे, असा तो प्रघात होता.

शिकवण्याची त्यांची रीतही आगळी होती. आपल्यापैकी ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले असेल त्यांना रूपे घोकण्याचा अनुभव असेलच. देव: देवौ देवा: हा जप पाठ होई, पण भाषा दूरच राही. फॉस्टर यांच्या वर्गात तक्ते घोकणे नव्हते. पहिल्याच दिवशी विद्यार्थ्याच्या हाती खऱ्या लॅटिनचा कागद पडे. त्यात सिसेरोचे एखादे पत्र असे, प्लाउटुसच्या नाटकातला संवाद असे, संत ऑगस्टीन यांचे प्रवचन असे. नाहीतर थोर पोप संत लिओ यांचा उतारा. गृहपाठाचे कागद ते स्वतः टंकलिखित करीत आणि त्यांना लॅटिनमध्ये ‘खेळ’ म्हणत. त्यांचे सांगणे असे की, लॅटिन ही पंडितांची मिरास नव्हे; प्राचीन रोमच्या गल्लीतला भणंगही ती अस्खलित बोलत होता, मग तुम्हाला ती का यावी नाही? सुट्टीच्या दिवशी ते विद्यार्थ्यांना घेऊन पायी निघत. ज्युलिअस सीझरचा जेथे वध झाला तेथे १५ मार्चला उभे राहून त्या वधाचे वृत्तांत वाचायचे. सिसेरोची म्हणून जी समाधी दाखवतात तेथे सिसेरो वाचायचा. ऑस्तिया या जुन्या बंदरात ३८७ साली संत मोनिका यांनी प्राण सोडला. तेथे उभे राहून मुलाने आईच्या मृत्यूविषयी जे लिहिले ते मुलाच्याच भाषेत वाचायचे. ज्यांनी ते तेथे ऐकले त्यांच्या दृष्टीने ती भाषा मृत कशी म्हणावी?

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्यातील वयोवृद्धांना लॅटिन मिस्सा आठवते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी केली आणि पुढच्या काही वर्षांत वसईच्या वेदीवर मराठी आली. त्यामुळे लॅटिनवर प्रेम करणारा मनुष्य म्हणजे जुन्या मिस्साचा कैवारी, असा आपला समज होतो. फादर फॉस्टर तसे नव्हते. गूढपणाचा पडदा म्हणून लॅटिन वापरणाऱ्यांची ते खिल्लीच उडवीत. भाषा कळण्यासाठी असते, हा त्यांचा ठाम आग्रह होता. कळलेल्या भाषेचा त्यांना ध्यास होता, आणि म्हणूनच मराठी मिस्सेत वाढलेल्या आपल्याला त्यांच्याशी नाते जोडायला अडचण पडू नये.

आता मुद्द्याकडे येऊ. २००६ साली ग्रेगोरियन विद्यापीठातील त्यांचे अध्यापन संपुष्टात आले. ज्यांनी फी भरलेली नाही अशा कित्येकांना ते वर्गात बसू देत होते, हे त्यामागचे कारण सांगितले जाते. मास्तरांनी फारसा खेद केला नाही. त्यांनी रोममध्येच दुसरी जागा शोधून आपला विनामूल्य वर्ग पुन्हा मांडला. लौकिक दृष्टीने ही लहानशी घटना आहे. एका बाजूला नियमाने चालणारी संस्था आणि दुसऱ्या बाजूला नियम न मानणारा शिक्षक, असे प्रसंग कोठेही घडतात. विद्यापीठाची चूक होती असे म्हणण्यास आम्ही धजणार नाही. दिवे, खोल्या, ग्रंथालय, इतर शिक्षकांचे वेतन हे सारे कोणीतरी भरलेल्या पैशांतूनच चालते. फी भरणाऱ्याच्या शेजारी न भरणारा बसला तर भरणाऱ्यावर अन्याय होतो, हे म्हणणेही उडवून लावण्याजोगे नाही. पण प्रश्न उरतोच: विद्येला मोल लावता येते का?

मध्ययुगीन ख्रिस्तसभेत या प्रश्नावर बराच खल झालेला आहे. ज्ञान ही परमेश्वराची देणगी आहे, म्हणून ते विकता येत नाही, असे सूत्रच त्या काळच्या धर्मशास्त्रज्ञांनी व कायदेपंडितांनी घालून दिले होते. पवित्र संस्कार विकणे जसे पाप, तसेच काहीसे हे. ११७९ साली पोप तिसरे अलेक्झांडर यांच्या अध्यक्षतेखाली तिसरी लॅटरन परिषद भरली. तिने ठरवले की, प्रत्येक कॅथेड्रलने एका शिक्षकाच्या उदरनिर्वाहाची तरतूद करावी, आणि त्याने धर्मगुरुपदाच्या उमेदवारांना तसेच गरीब विद्यार्थ्यांना काहीही न घेता शिकवावे. शिकवण्याचा परवाना देण्यासाठी कोणी पैसे मागू नयेत, हेही तिने बजावले. छत्तीस वर्षांनी, १२१५ साली, चौथ्या लॅटरन परिषदेला हा ठराव पुन्हा करावा लागला. कारण तिनेच नमूद केले आहे: अनेक ठिकाणी पहिला ठराव पाळला गेला नव्हता! (ठराव करणे आणि पाळणे यांतील अंतर आपल्या धर्मग्राम समित्यांना नव्याने सांगायला नको.) या दुसऱ्या ठरावात व्याकरणाच्या शिक्षकाचा निराळा उल्लेख आहे. त्या काळी व्याकरण म्हणजे लॅटिन, अर्थात भाषाशिक्षकच. सर्व विद्यांचे दार भाषेतून उघडते. ते दार बंद राहिले तर गरिबाच्या मुलाला आतले काहीच दिसत नाही, हे त्या बिशपांनी ओळखले होते.

आमच्या मते भाषेच्या बाबतीत हे सूत्र अधिकच खरे आहे. गणित किंवा वैद्यक ही विद्या कोणीतरी कष्टाने संपादन केलेली असते. भाषा मात्र प्रत्येकाला प्रथम फुकट मिळते. आईने बाळाला बोलायला शिकवल्याची पावती कोणी फाडलेली नाही. पुढे भाषाशिक्षक जे देतो ते याच देण्याचे पुढचे पाऊल असते. तो जे शब्द देतो त्यांतला एकही त्याने निर्माण केलेला नसतो. ते हजारो मेलेल्या माणसांनी त्याच्यापर्यंत आणून सोडलेले असतात. जे त्याच्या मालकीचे नाही ते त्याने विकावे तरी कसे? संत ऑगस्टीन यांनी ३८९ सालच्या सुमारास आपला मुलगा अदेओदातुस याच्याशी झालेल्या संवादाच्या रूपाने गुरूविषयी एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यात ते याहूनही पुढे जातात. शब्द ही केवळ खूण आहे. ती खूण पाहून जो सत्य ओळखतो तो आपल्या अंतर्यामी वसणाऱ्या एकमेव गुरूच्या, ख्रिस्ताच्या, प्रकाशात ओळखतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. शिक्षक बोट दाखवतो. बोट दाखवण्याचे किती पैसे घ्यावेत?

येथवर सारे सुंदर वाटते. पण याच संत ऑगस्टीन यांच्या आयुष्यातील दुसरे पान उलटले की गोष्ट इतकी सोपी राहत नाही. ते स्वतः वक्तृत्वाचे शिक्षक होते आणि फीवर पोट भरीत होते. कार्थेजहून ते रोमला आले ते तेथील विद्यार्थी शिस्तीचे आहेत असे ऐकून. आल्यावर पाहतात तो तेथे निराळाच प्रकार! फी भरायची वेळ आली की विद्यार्थी संगनमत करून एका शिक्षकाला सोडून दुसऱ्याकडे जात. त्या फसवणुकीचा त्यांना आलेला संताप त्यांच्या आत्मकथनात लपून राहिलेला नाही. पुढे ३८६ साली मिलानमधील सरकारी नोकरी सोडताना ते आपल्या धंद्याला शब्दांचा बाजार समजू लागले होते हे खरे. पण ज्यांनी त्यांचे पैसे बुडवले ते विद्यार्थी त्यामुळे साधू ठरत नाहीत. विद्या विकू नये हे वचन शिक्षकाने स्वतःला सांगायचे असते. विद्यार्थ्याने किंवा संस्थेने ते शिक्षकाला ऐकवू लागावे, यासारखी ढोंगी गोष्ट नाही.

आणि ती आपल्याकडे सर्रास घडते. ‘विद्यादान’ हा आपल्या भाषेतला गोड शब्द आहे. सत्कारसमारंभात तो हमखास येतो. विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षे तुटपुंज्या पैशांवर राबणाऱ्या शिक्षकाला, किंवा शिक्षणसेवक म्हणून ठरावीक मानधनावर संसार ओढणाऱ्या तरुण शिक्षिकेला हा शब्द ऐकताना काय वाटत असेल? दान हे ज्याच्याजवळ आहे तो देतो. ज्याच्या चुलीवर उद्या काय चढेल याची शाश्वती नाही त्याच्याकडून घेतलेल्याला दान म्हणणे हा शब्दाचाच अपमान होय.

फादर फॉस्टर यांना विनामूल्य शिकवणे शक्य झाले, कारण त्यांना व्हॅटिकनमध्ये नोकरी होती, राहायला कार्मेल संघाचा मठ होता, मागे बायको-मुले नव्हती. हे सांगितल्याने त्यांचा मोठेपणा उणावतो असे आम्हाला वाटत नाही. तशीच सोय असलेले आपल्यात कितीतरी जण आहेत, आणि त्यांच्या संध्याकाळी कशात जातात हे आपण पाहतोच. पण त्यांचे उदाहरण चार मुलांच्या बापापुढे धरणे अन्यायाचे होईल.

संत मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू प्रेषितांना पाठवताना सांगतो की, तुम्हाला विनामूल्य मिळाले आहे, तसेच विनामूल्य द्या. हा भाग प्रवचनांतून आपण पुष्कळदा ऐकतो. त्याच आदेशात, अवघ्या दोन वचनांनंतर, तो म्हणतो की कामकऱ्याला त्याचे अन्न मिळालेच पाहिजे. दोन्ही गोष्टी त्याने एका दमात सांगितल्या; आपण सोयीप्रमाणे एक उचलतो. संत पौलानेही करिंथकरांस लिहिताना आधी शिपाई, द्राक्षमळेवाला आणि मेंढपाळ यांचे दाखले देऊन प्रचारकाचा निर्वाहाचा हक्क ठासून सांगितला, आणि मगच आपण तो हक्क बजावला नाही असे म्हटले. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. हक्क आधी, त्याग नंतर; आणि त्याग ज्याचा त्याने करायचा.

मध्ययुगीन पंडितांनीही याच दिशेने वाट काढली होती. शिक्षक विद्येची किंमत घेत नाही, श्रमाचे वेतन घेतो, असा भेद त्यांनी केला. काहींना ही शब्दांची कसरत वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. श्रमाला मर्यादा असते. इतके तास, इतकी वर्षे, इतके वेतन असा हिशेब होऊ शकतो. विद्येची किंमत ठरवू लागलो की तिला सीमा राहत नाही. ज्याची गरज मोठी त्याच्याकडून अधिक घ्यावे, हे बाजाराचे तर्कशास्त्र मग वर्गात शिरते. दहावी-बारावीच्या शिकवण्यांसाठी आपल्या कुटुंबांनी काढलेली कर्जे आठवावीत. तेथे मोजला जातो तो शिक्षकाचा श्रम नसून पालकाची भीती असते.

तेव्हा लॅटरन परिषदेने केलेली योजना आम्हाला अजूनही शहाणपणाची वाटते. तिने शिक्षकाला उपाशी राहायला सांगितले नाही. त्याचे पोट समाजाने भरावे, आणि दारात उभ्या असलेल्या मुलाला ‘पैसे आणलेस का?’ हा प्रश्न विचारला जाऊ नये, एवढे तिने मागितले. वर्ग विनामूल्य असतो तेव्हाही कोणीतरी मोल देतच असते. ते कोणी द्यायचे, शिकणाऱ्याने दारातच द्यायचे की सर्वांनी मिळून आधी देऊन ठेवायचे, एवढाच खरा वाद आहे. आपल्या वाडवडिलांनी देवळाशेजारी शाळा उभारल्या तेव्हा त्यांनी हेच केले. आज त्याच धर्मग्रामांत मराठी माध्यमाच्या वर्गांचे पट आटत चालले आहेत. घराघरांतील नातवंडांना आजीची प्रार्थना समजते, पण छापलेले मराठी पान वाचताना ती अडखळतात. त्यांना रविवारी मिस्सेनंतर तासभर कोणी मराठी शिकवली, तर त्या शिकवणाऱ्याच्या पोटाची काळजी कोण घेणार? सणाच्या मंडपासाठी आणि ध्वनिक्षेपकासाठी वर्गणी काढताना आपला हात आखडत नाही. भाषाशिक्षकासाठी वर्गणी काढल्याचे फारसे ऐकिवात नाही.

आणखी एक गोष्ट. मराठीत ‘विनामूल्य’ आणि ‘फुकट’ हे दोन शब्द आहेत व त्यांत मोठे अंतर आहे. फुकटच्या वस्तूला किंमत नसते. ती घेणारा निष्काळजी असतो, देणाराही. फॉस्टर यांचा वर्ग विनामूल्य होता, फुकट नव्हता. गृहपाठ न करता येणाऱ्याची तेथे धडगत नसे. ज्यांना शिकायचे नाही त्यांनी खुशाल चालते व्हावे, येथे नटायला जागा नाही, असे ते पहिल्या दिवशीच सुनावीत. पैशांऐवजी त्यांनी विद्यार्थ्यांकडून दुसरे काही वसूल केले, आणि ते म्हणजे पूर्ण लक्ष. लाखो रुपये भरलेल्या वर्गांत आज नेमके तेच मिळत नाही अशी शिक्षकांची तक्रार असते.

२००८ साली पडून दुखापत झाल्यानंतर त्यांची प्रकृती ढासळत गेली. २००९ मध्ये ते मायभूमीला परतले. मिलवॉकीच्या शुश्रूषागृहात, चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी पुन्हा वर्ग सुरू केला. तोही तसाच, कोणासही मोकळा. दूरदूरच्या गावांहून माणसे तेथे येऊन राहू लागली.

अशा शिक्षकाचे ऋण कसे फेडायचे, हा प्रश्न त्यांच्या विद्यार्थ्यांना पडला असणारच. आपल्या परंपरेत गुरुदक्षिणा आहे, पण ती शिक्षण संपल्यावर द्यायची असते आणि गुरूच ती ठरवतो. एकलव्याची कथा वाचली की त्यातील धोकाही दिसतो. मृत गुरूला तर दक्षिणा पोहोचतच नाही. त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करावी, ती केलीही गेली. उरलेले ऋण मागे वळून फेडता येत नाही, ते पुढच्या माणसाकडे न्यावे लागते. डॅनिएल मॅकार्थी या बेनेडिक्टाइन संघाच्या विद्यार्थ्याने वर्षानुवर्षे मास्तरांच्या सोबतीने बसून त्यांची शिकवण लिहून काढली, गृहपाठाचे ते टंकलिखित कागद गोळा केले, आणि २०१६ साली आठशेहून अधिक पानांचा एक ग्रंथ सिद्ध झाला. लॅटिन भाषेची नुसती हाडे, असे त्याचे नाव आहे. मांस वाचकाने चढवायचे.

हे वाचताना आम्हाला फादर थॉमस स्टीफन्स आठवल्यावाचून राहिले नाहीत. १५४९ साली इंग्लंडमध्ये जन्मलेला हा येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यात उतरला, येथली भाषा शिकला, आणि १६१६ साली छापलेल्या आपल्या पुराणाने मराठीला त्याने जे दिले ते सर्वश्रुत आहे. पण तो भाषाशिक्षकही होता, हे आपण विसरतो. कोकणी भाषेचे एक व्याकरण त्याने पोर्तुगीजमध्ये लिहिले, ते नंतर येणाऱ्या आपल्या बांधवांना लोकांची भाषा शिकता यावी म्हणून. १६१९ साली त्याने देह ठेवला तेव्हा ते व्याकरण हस्तलिखितच होते. संघबांधवांनी ते जपले, त्यात भर घातली, आणि १६४० साली रायतूरच्या मठात ते छापून निघाले. भारतीय भाषेचे छापले गेलेले ते पहिले व्याकरण. लेखकाला जाऊन तेव्हा एकवीस वर्षे झाली होती, आणि त्याचा वर्ग अजून भरत होता.